पत्रिका मामेभावाची, पाहुणा भलताच

प्रश्न : मामेभावाच्या नंबरावरून व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. उघडायला गेलो तर फोनने दोन-तीन गोष्टी विचारल्या, मी 'हो, हो' करत गेलो. पत्रिका काही दिसलीच नाही. संध्याकाळी माझं व्हॉट्सअॅप आपोआप बंद पडलं आणि भावकीच्या ग्रुपवर माझ्या नावाने तीच पत्रिका गेली. मामेभावाला फोन लावला तर तो म्हणतो, 'अरे, आमच्याकडे लग्नच नाही!' मी कुणाला पासवर्ड दिला नाही, ओटीपी सांगितला नाही. मग हे झालं कसं? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : ओटीपी तुम्ही सांगितला नाहीत, हे खरं आहे. तो तुमच्या फोनने सांगितला, आणि तसं करायची परवानगी त्या 'हो, हो'मध्येच दिली गेली होती.

मामेभावाचा मेसेज अजून दिसत असेल तर फाईलवर बोट न लावता तिची चौकट नीट बघा. नावाखाली बारीक अक्षरांत आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. खरी पत्रिका असेल तर तिथे पीडीएफ लिहिलेलं असतं, किंवा मग सनई लावलेला व्हिडिओ असतो, नाहीतर साधा फोटो. तुमच्या चौकटीत एपीके ही अक्षरं असणार. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनात नवीन अॅप बसवण्याची फाईल. म्हणजे पत्रिकेच्या नावाखाली कुणीतरी तुमच्या हातून तुमच्याच फोनात एक अॅप बसवून घेतलं.

फोनने विचारलेल्या त्या 'दोन-तीन गोष्टी' म्हणजे शेवटचे अडसर होते. पहिला प्रश्न असतो तो व्हॉट्सअॅपमधून आलेलं अनोळखी अॅप बसवू द्यायचं का, हा. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अॅपला वेगळी द्यावी लागते, म्हणून तो पडदा मध्ये येतोच. दुसरा प्रश्न 'इन्स्टॉल' करायचं का. मग ते अॅप उघडतं आणि एसएमएस वाचायची, कधी पाठवायचीही परवानगी मागतं. काही भामटे त्याच्या पुढे जाऊन अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती मिळालेलं अॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एवढं झालं की अॅप आपलं चिन्ह लपवतं. तुम्हाला वाटतं, पत्रिका उघडली नाही, नेट गेलं असेल.

पुढचं काम भामट्याचं. तो आपल्या फोनात व्हॉट्सअॅप चालू करतो आणि तुमचा नंबर टाकतो. व्हॉट्सअॅप खात्री करायला सहा आकडी कोड एसएमएसने तुमच्या फोनावर पाठवतं. तो तुमच्या फोनातलं अॅप वाचतं आणि क्षणात त्याच्याकडे पोचवतं. एक खातं एका वेळी एकाच मुख्य फोनात चालतं, त्यामुळे त्याच्याकडे उघडलं की तुमच्याकडे बंद. 'आपोआप बंद पडलं' ते असं. मग तुमच्या नावाने, तुमच्या फोटोसकट, भावकीच्या ग्रुपात पत्रिका. कधी तर तुम्ही अॅडमिन असलेल्या ग्रुपचं नावच बदलून एखाद्या बँकेचं ठेवतात, चित्रही तिचं लावतात आणि मग 'तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत' अशी फाईल सोडतात.

यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की मामेभाऊ हा गुन्हेगार नसून तुमच्या आधीचा बळी आहे. त्याने गेल्या आठवड्यात काय उघडलं होतं ते त्याला विचारा. 'आरटीओ चलान' नाहीतर 'पीएम किसान' असलं काहीतरी निघेल. बँकेच्या, वीज तोडण्याच्या अनोळखी मेसेजला आपण आता सहसा फसत नाही. पण मामेभावावर कोण संशय घेतो? तुळशीचं लग्न लागलं की रोज दोन पत्रिका येतातच, त्यात ही तिसरी. आपल्या माणसाच्या नंबरावरून आलं म्हणजे आपल्या माणसानेच पाठवलं, या समजुतीवर हा सगळा धंदा उभा आहे. तेव्हा शंका आली की फोन करून विचारा. व्हॉट्सअॅपवरच 'ही तूच पाठवलीस का?' असं विचारण्यात अर्थ नाही, उत्तर भामटाच देईल: 'हो, नक्की या.'

आणखी एक. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट'खाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. तिथे स्वतःचा सहा आकडी पिन लावून ठेवला असता तर एसएमएसचा कोड मिळूनही भामटा अडला असता, कारण हा पिन एसएमएसने येत नाही. ही सोय २०१७ पासून आहे आणि बहुतेकांनी ती लावलेली नाही. लावा, आजच. पिन मात्र जन्मतारीख नको.

प्रश्न : आईच्या फोनात 'आरटीओ चलान' नावाची अशीच फाईल बसली आहे. मी ती फाईल डिलीट केली. अॅप शोधलं तर चिन्ह कुठेच नाही. गेलं असं समजायचं का? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही. फाईल डिलीट करून अॅप जात नाही, आणि चिन्ह नाही म्हणजे अॅप नाही असंही नाही. यातून बाहेर यायला क्रम महत्त्वाचा आहे. लोक नेमका तोच उलटा करतात: आधी तासभर अॅप शोधत बसतात आणि बँकेला दुसऱ्या दिवशी कळवतात.

सगळ्यात आधी आईच्या फोनाचं मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा. मग सिम काढा आणि एखाद्या साध्या, नाहीतर खात्रीच्या फोनात घाला. हे दुसरं पाऊल फारसं कुणी सांगत नाही, पण मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. कारण यापुढे बँकेचे, व्हॉट्सअॅपचे, गुगलचे जे कोड येतील ते स्वच्छ फोनात येतील. नाहीतर तुम्ही पासवर्ड बदलणार आणि बदलाचा कोड आतला हेर आधी वाचणार.

आता त्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो तो घ्या. शोधात सापडणारे 'कस्टमर केअर' नंबर हा एक वेगळाच सापळा आहे. नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत जातात. तक्रार लवकर आली तर ते वाटेतल्या एखाद्या बँकेत गोठवता येतात, म्हणून पहिल्या तासाला एवढी किंमत. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. लेखी तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.

मग ते अॅप. आईचा फोन नेटशिवायच ठेवा. पॉवर बटण दाबून 'पॉवर ऑफ' दिसेल, त्यावर बोट काही सेकंद दाबून धरा. बऱ्याच फोनात 'सेफ मोड'चं विचारतं. नाही विचारलं तर त्या फोनाची पद्धत दुसऱ्या फोनावर शोधा. सेफ मोडमध्ये बाहेरून बसवलेली अॅप चालत नाहीत, त्यामुळे तुमच्या हाताला अटकाव करायला कुणी नसतं. सेटिंगमध्ये जाऊन अॅपची पूर्ण यादी उघडा. इथे चिन्ह लपवलेलं अॅपही दिसतं. नाव 'चलान' असेलच असं नाही. कधी 'सिस्टिम अपडेट', कधी 'कस्टमर सपोर्ट', कधी नुसतं कोरं चौकोनी चित्र. ज्या दिवशी फाईल आली त्या दिवशी बसलेलं अॅप हीच खरी खूण.

'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर अॅपने स्वतःला डिव्हाइस अॅडमिन करून घेतलंय. सेटिंगच्या शोधपट्टीत तेच शब्द टाका आणि त्या यादीत त्याच्यापुढची खूण काढा. अॅक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन अॅक्सेस या दोन याद्याही बघा. मग अनइन्स्टॉल चालू होईल. कॉल फॉरवर्डिंग कुठे वळवलंय का तेही फोन अॅपच्या सेटिंगमध्ये पाहून घ्या, कारण काही कोड फोन करून बोलून सांगितले जातात आणि भामट्यांना ते कॉलही हवे असतात. नंतर फोन नेहमीसारखा चालू करून प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालवा.

एवढं झाल्यावर फोन स्वच्छ झाला का? बहुधा झाला. पण ज्या फोनात बँक आहे तिथे 'बहुधा'वर मी थांबणार नाही. फॅक्टरी रिसेट करा. त्याआधी तीन गोष्टी. मेसेजचा, फाईलच्या चौकटीचा आणि व्यवहारांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेले असतील तर रिसेट करण्यापूर्वी पोलिसांना विचारा, कारण पुरावाही त्याच फोनात आहे. आईच्या गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. रिसेटनंतर फोन तो मागतो आणि नसेल तर तुमच्याच फोनाबाहेर तुम्ही. आणि फोटो जपून ठेवताना डाउनलोडचा आणि व्हॉट्सअॅप डॉक्युमेंट्सचा फोल्डर उचलू नका, नाहीतर पाहुणा सामानासकट परत येईल.

पासवर्ड बदलायचे ते सगळ्यात शेवटी आणि स्वच्छ फोनवरून: आधी गुगल, मग बँक, मग बाकी. यूपीआय पिनही नवा.

व्हॉट्सअॅप हातचं गेलं असेल तर स्वच्छ फोनात आईचा नंबर टाकून पुन्हा चालू करा. सहा आकडी कोड घातला की भामटा त्या क्षणी बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल तर मात्र तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं. चिडचिड होते, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. एवढ्या काळात सगळ्यांना साध्या फोनने किंवा एसएमएसने कळवा. आणि कळवताना ती फाईल 'ही उघडू नका' म्हणून पुढे पाठवू नका! हसू नका, असं करणारे दर ग्रुपात निघतात. स्क्रीनशॉट पाठवा.

प्रश्न : 'आरटीओ चलान'चं अॅप मीही बसवलं. त्याच्या पानावर फक्त दहा रुपये भरायचे होते, त्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर मागितला. दहा रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करेल, असं वाटून मी भरले. चोराला यात काय मिळतं? आणि गेलेले पैसे बँक देते का? (एक वाचक, वैजापूर)

उत्तर : दहा रुपये त्याला नकोच असतात. नवीन फोनात यूपीआय चालू करताना बँक दोन गोष्टी तपासते. एक, बँकेत नोंदवलेल्या सिममधून ठरावीक एसएमएस गेला पाहिजे. दोन, पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. आता जुळवून बघा. एसएमएस पाठवायची आणि वाचायची परवानगी आधीच त्या अॅपला दिलेली. राहिले होते कार्डाचे आकडे, ते दहा रुपयांच्या पानाने घेतले.

पैशांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, व्यवस्थेत इतरत्र असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. एपीके बसवणं आणि कार्डाचे आकडे भरणं यात बँका अर्थातच तुमचा निष्काळजीपणा बघणार. म्हणून तक्रारीची वेळ लेखी नोंदवून घ्या, क्रमांक मागा. नुसतं शाखेत जाऊन 'साहेबांना सांगितलं' एवढ्यावर राहू नका.

चलान खरं आहे का ते पाहायचं असेल तर मेसेजमधली लिंक दाबूच नका. परिवहन खात्याचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि गाडीचा नंबर घालून बघा. खऱ्या चलानात गाडी नंबर, तारीख, ठिकाण आणि बहुधा फोटो असतो. त्यासाठी कुठलंही सरकार व्हॉट्सअॅपवर एपीके पाठवत नाही. २०२४ च्या जुलैत क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने अशाच चलानवाल्या अॅपचा माग काढला. त्यामागे व्हिएतनामी टोळी होती आणि भारतातले ४,४०० हून अधिक फोन तिच्या जाळ्यात सापडले होते. मेसेज मराठीत आला म्हणजे चोर जवळपासचा, असं समजायचं कारण नाही.

प्रश्न : लिंकवर नुसतं बोट लागलं तरी फोन हॅक होतो म्हणतात. मला रात्रभर झोप नाही. (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : झोपा. ब्राउझर आणि फोन अद्ययावत असतील तर नुसतं पान उघडून सर्वसामान्य माणसाच्या फोनात व्हायरस शिरण्याची शक्यता फार कमी. पान उघडल्यावर तुम्ही काही भरलंत का, काही उतरवून घेऊन बसवलंत का, 'अलाउ' दाबलंत का, हे प्रश्न. तीनही उत्तरं 'नाही' असतील तर पान बंद करा, डाउनलोडमध्ये काही आलं असेल तर पुसून टाका, विषय संपला. एपीके फाईल नुसती उतरली आणि बसवली नाही तर ती तशीच पडून राहते.

बोटही न लावता फोन ताब्यात घेण्याचे प्रकार आहेत, ते नाकारत नाही. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस २०१९ मध्ये व्हॉट्सअॅप कॉलच्या मार्गाने असंच शिरत होतं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. व्हॉट्सअॅपने सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केल्याचं सांगून त्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. पण ती हत्यारं सरकारांना विकली जातात, अतिशय महाग असतात, आणि पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी यांच्यावर चालवली जातात. तुमच्या फोनवर साड्यांच्या सेलची लिंक पाठवणाऱ्याकडे ती नसतात. त्याला तुमच्या अंगठ्याशिवाय आत येता येत नाही.

प्रश्न : लिंक खरी की खोटी हे बघून कसं ओळखायचं? बँकेचं नाव तर दोन्हीत असतं. (दुकानदार, फोंडा-गोवा)

उत्तर : नाव कुठे आहे ते बघा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या आणि त्यानंतरची पहिली एकटी तिरपी रेघ गाठा. तिच्या लगेच डावीकडे जे असतं तो खरा मालक. त्याच्याही डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतं. म्हणजे पत्त्यात आधी 'एसबीआय' असलं आणि रेघेच्या जवळ 'रिवॉर्ड डॉट टॉप' असलं तर तो पत्ता 'रिवॉर्ड डॉट टॉप'वाल्याचा, स्टेट बँकेचा नव्हे. लिंक लांब असते तेव्हा फोनाच्या अरुंद पडद्यावर नेमका तोच भाग कापला जातो, हे भामट्यांना पक्कं ठाऊक असतं.

बँकांच्या बाबतीत आता काम सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपला पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. सरकारी पत्ते 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' यांवर संपतात. आखूड केलेल्या लिंकांमध्ये मालक दिसतच नाही, तेव्हा पैशांच्या बाबतीत त्या उघडायच्याच नाहीत.

प्रश्न : मी पूर्वी सायबर कॅफे चालवायचो. याहू मेसेंजरवर अशाच लिंका यायच्या. हा प्रकार जुनाच आहे ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जुनाच, आणि तुम्ही तो आमच्यापेक्षा जवळून पाहिलाय. २००६ च्या सुमाराचा सोहानाद हा वर्म, म्हणजे स्वतःच पसरत जाणारा व्हायरस, आठवत असेल. याहू मेसेंजरवर मित्राच्या नावाने लिंक यायची, उघडली की इंटरनेट एक्स्प्लोररचं पहिलं पान बदललेलं, टास्क मॅनेजर उघडेना, आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तीच लिंक गेलेली. कॅफेतल्या एका मशीनवर बसलेलं एकेक गिऱ्हाईक त्यात आपापल्या मित्रांची भर घालायचं. त्याच्या आधी, एप्रिल २००५ मध्ये, केल्व्हिर नावाच्या वर्ममुळे रॉयटर्स वृत्तसंस्थेला आपली मेसेजिंग सेवाच काही काळ बंद ठेवावी लागली होती. आणि सगळ्यांचा आजोबा म्हणजे मे २००० मधला फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू'. तो ईमेलने फिरला, पण युक्ती हीच: ओळखीच्या माणसाकडून प्रेमपत्र. तिथे तेव्हा असा गुन्हा धरणारा कायदाच नव्हता, त्यामुळे संशयित सुटला.

बदललंय ते चोराचं उद्दिष्ट. तेव्हाचे बरेचसे वर्म मशीन बिघडवून, जाहिराती दाखवून समाधान मानायचे. आता फोनातच बँक आहे. पसरायची पद्धतही चतुर झाली. एप्रिल २०२१ मध्ये 'फ्लिक्सऑनलाइन' नावाचं अॅप थेट प्ले स्टोअरवर सापडलं. नोटिफिकेशन वाचायची परवानगी घेऊन ते व्हॉट्सअॅपवर आलेल्या मेसेजना तुमच्या वतीने परस्पर उत्तर द्यायचं आणि त्या उत्तरात स्वतःची लिंक घालायचं. त्याच महिन्यात 'गुलाबी व्हॉट्सअॅप' हे नकली अॅपही आलं. रंग बदलायच्या मोहापायी किती जणांनी ते घेतलं असेल! २०२३ मध्ये ते पुन्हा उगवलं तेव्हा मुंबई पोलिसांना इशारा द्यावा लागला.

प्रश्न : 'डान्स ऑफ द हिलरी' हा व्हिडिओ उघडला की फोन फॉरमॅट होतो, हे खरं का? (अनेकांकडून)

उत्तर : खोटं. ही अफवा २०१६ पासून फिरते आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाच्या दिवसांत ती आपल्याकडे पुन्हा जोरात चालली. तिची 'मार्टिनेली' नावाची बहीणही आहे. पुढे पाठवू नका.

प्रश्न : ऑफिसात संगणकावर व्हॉट्सअॅप उघडं असतं. तिथे एपीकेचा धोका नाही ना? (खासगी कंपनीतील नोकरदार, ठाणे)

उत्तर : एपीकेचा नाही, पण संगणकाची स्वतःची दुखणी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये सॉर्व्हेपोटेल नावाचा प्रकार पसरला. ओळखीच्या नंबरावरून 'पावती', 'बिल' अशा नावाची झिप फाईल यायची आणि 'संगणकावर उघडा' असं सांगणारा मेसेज सोबत. विंडोजवर ती उघडली की आतला शॉर्टकट मागून प्रोग्राम ओढून घ्यायचा, आणि तिथे व्हॉट्सअॅप वेब उघडं असेल तर सगळ्या संपर्कांना, ग्रुपांना तीच झिप. मेसेज इतके सुटायचे की व्हॉट्सअॅप अनेकांची खाती बंदच करायचं. ब्राझीलमध्ये जे चालतं ते इकडे यायला भाषांतराएवढाच वेळ लागतो, म्हणून सांगितलं. ऑफिस सोडताना व्हॉट्सअॅप वेबमधून लॉगआउट करा, आणि व्हॉट्सअॅपचं विंडोज अॅप वापरत असाल तर ते अद्ययावत ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये त्यातली एक चूक दुरुस्त केली गेली. दिसायला फोटो असलेली फाईल उघडताना प्रोग्राम म्हणून चालवता येईल, अशी ती होती.

प्रश्न : माझा आयफोन आहे. मी सुटलो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एपीकेपासून सुटलात, ती आयफोनात चालतच नाही. पण 'हा फोटो तुझाच ना?' अशी लिंक येईल. पान उघडल्यावर ते तुमचा मोबाइल नंबर मागेल आणि मग पडद्यावर आठ अक्षरांचा कोड दाखवून तो व्हॉट्सअॅपमध्ये घालायला सांगेल. तो कोड घातलात की भामट्याचा संगणक तुमच्या खात्याला जोडलेलं उपकरण म्हणून बसतो. इथे तुमचं व्हॉट्सअॅप बंदही पडत नाही, त्यामुळे कित्येक दिवस पत्ता लागत नाही. सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी दिसेल ते काढून टाका. अँड्रॉइडवाल्यांनाही हे लागू आहे.

प्रश्न : वडील पंचाहत्तरीचे. त्यांना हे सगळं समजावणं अशक्य. अँटिव्हायरस टाकून देऊ का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : टाकलात तर वाईट नाही. फ्लॉपीच्या जमान्यापासून व्हायरस काढणारी क्विक हील पुण्याचीच आहे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट साधनंही मिळतात. ते केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. पण अँटिव्हायरस आजच निघालेली फाईल ओळखेलच असं नाही. वडिलांच्या फोनात मी त्याआधी दुसरं करीन.

सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अॅप्स' शोधा. तिथे व्हॉट्सअॅप, ब्राउझर, फाईल मॅनेजर, सगळ्यांपुढची परवानगी बंद करा. सॅमसंग असेल आणि फार जुना नसेल तर 'ऑटो ब्लॉकर' चालू करा, मग बाहेरचं अॅप बसतच नाही. प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना पाहा. एसएमएस किंवा अॅक्सेसिबिलिटी मागणारी बाहेरची अॅप अडवण्याची सोय गुगलने त्यात भारतासाठी २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणली, म्हणूनच भामटे हल्ली फोन करून 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं सांगतात. व्हॉट्सअॅपमध्ये डॉक्युमेंट्स आपोआप उतरणं बंद करा आणि टू-स्टेप पिन लावून तो तुमच्याकडे लिहून ठेवा. पेन्शनचं मुख्य खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर ते सोडवून, थोडे पैसे ठेवलेलं दुसरं खातं जोडा. भाजीवाल्याला, औषधवाल्याला तेवढं पुरतं.

त्यांना सांगायचं एवढंच: पत्रिका आली तर आधी मला फोन करा, मी बघून सांगतो.